एका पत्त्यावर एकच मेल

दुपारी अडीचला संघमित्राला कळलं की चूक आपलीच आहे, आणि कळल्याबरोबर तिला झोप आली. रडू नाही, घाम नाही, सरळ झोप. दमलेल्या माणसाचं असंच असतं बघा, आभाळ कोसळलं तरी आधी उशी आठवते.

अंधेरीतल्या एका नर्सिंग कॉलेजच्या ऑफिसात ती प्रोग्रॅम लिहायची. अकरा-अकरा महिन्यांचं कंत्राट, हे सहावं. पोरींना मुलाखतीचे मेल तिचाच प्रोग्रॅम पाठवायचा. सर्व्हरला रामराम घालायचा, कुणाकडून, कुणाला ते सांगायचं, मजकूर द्यायचा. सर्व्हर ‘बरं’ म्हणायचा, की पुढचा पत्ता. यंदाही सगळे ‘बरं’ आले होते. एक तक्रार नाही.

आज मुलाखतींचा शेवटचा दिवस, आणि छत्तीस मुली गैरहजर. एखादी आजारी पडेल, एखादी गावाला जाईल. पण छत्तीस? आणि सगळ्या दिंडोशीच्या एकाच वस्तीतल्या?

“गैरहजर टाक आणि पाचला यादी बंद कर,” ऑफिस सांभाळणारे देवदत्त सर म्हणाले. “कदरच नसते गं या मुलींना.”

तिने यादी उघडली. त्या वस्तीतल्या सदतीस मुली, आणि सदतीस जणींपुढे ईमेल एकच. विकीचा! विकी म्हणजे तिथला झेरॉक्सवाला. अख्ख्या वस्तीचे फॉर्म तोच भरतो, आणि ईमेलचा रकाना आला की स्वतःचा ठोकतो, कारण तो रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे सरकत नाही.

गेल्या वर्षी एका ट्रस्टीला एकच मेल तीनदा गेला, तेव्हा देवदत्त सरांनी ऑफिस डोक्यावर घेतलं होतं. म्हणून तिने प्रोग्रॅममध्ये दोन ओळी घातल्या: या पत्त्यावर एकदा गेलंय ना, मग पुन्हा नको. सर ‘झकास’ म्हणाले होते. त्या दोन ओळींनी तेजल नावाच्या पहिल्या मुलीला बोलावलं आणि बाकी छत्तीस जणींना गिळलं.

आणि हे हिला कळू नये? हिची स्वतःची दहावीपर्यंतची टपालं शिवदास किराणावाल्याच्या पत्त्यावर यायची, अर्ध्या वस्तीची यायची! कांदिवलीला वन बीएचके घेतला म्हणून माणूस एवढं विसरतं? कमाल झाली बाई. स्वतःचीच तिला इतकी चीड आली की झोप उडाली.

विकीला फोन लावला तर तोच तिच्यावर घसरला. “मॅडम, एकच मेल आला, तेजलचा. जया तर रोज यायची दुकानात. ‘दादा, आला का, आला का.’ मी काय बोलू तिला?”

गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पुढच्या महिन्यात कंत्राट संपत होतं. संघमित्रा पाच मिनिटं पडद्याकडे बघत बसली, मग गुडघ्यावर हात टेकून उठली.

“सर, चूक माझी आहे. यादी उद्यापर्यंत उघडी ठेवा, या मुलींच्या मुलाखती उद्या घ्या.” तिने सगळं सांगितलं.

“अगं, वर काय सांगू मी?” सर वैतागले. “तुझं कंत्राट संपत आलंय ना आता?”

“माझं नाव सांगा.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “उद्या बारापर्यंत. त्यापुढे एक मिनिट नाही.”

तिने त्या दोन ओळी पुसल्या, मेलमध्ये उद्याची तारीख घातली आणि त्या छत्तीस जणींपुरता प्रोग्रॅम चालवला. सर्व्हर छत्तीसदा ‘बरं’ म्हणाला. आता त्याच्यावर तिचा काडीचा भरवसा नव्हता. विकीला वस्तीत घरोघरी धाडलं आणि फॉर्मवरचे नंबर घेऊन स्वतः एकेकीला फोन लावायला बसली. पहिला जयाला.

“मॅडम, म्हणजे माझं नाव होतं?” जयाने विचारलं.

“होतं गं. अठराव्या नंबरावर.”

“बाबा बोलले, आडनाव बघूनच काढलं असेल. आपल्याला कोण बोलावतंय.”

हेच वाक्य संघमित्राने स्वतःच्या बाबांच्या तोंडून किती वेळा ऐकलं होतं, आणि किती वेळा ते खरंही होतं.

“नाही गं,” ती म्हणाली. “मीच काढलं. माझ्या हातून झालं.”

“तुमचं नाव काय, मॅडम?”

“संघमित्रा तायडे.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

“तुम्ही तर आपल्यातल्याच ना,” जया हळूच म्हणाली.

“हो,” संघमित्रा म्हणाली. “उद्या ये.”