शेवटचं गाणं कुणी ऐकलं नाही

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. गोड बोलण्याचं माझं वय सरलं, तेव्हा कडू लागलं तरी ऐकून घ्या.

१९९५ साली सुरतेत, पांडेसऱ्याच्या एका खोलीत मी भरले गेले. योगराज कापड रंगवण्याच्या मिलमध्ये राबे आणि सुट्टीच्या दिवशी गिटारवर स्वतः रचलेली रॉक गाणी गाई. त्यातली आठ त्याने माझ्यात भरली. शेवटचं सुकलालवर रचलेलं होतं. सुकलाल त्याचा मिलमधला जोडीदार, बॉयलरच्या वाफेने भाजून मेला. "हाई एक गानं लोकेसना कानवर पडालेच पाहिजे," योगराज म्हणे.

कॅसेट पुसली जाऊ नये म्हणून पाठीवरचे दोन चिमुकले तुकडे मोडतात. योगराजने मोडले नाहीत. आमच्या वस्तीत कुणीच मोडत नसे. कॅसेटमध्ये बोलून ती खानदेशात गावी धाडायची, गावचे लोक तिच्यावरच उत्तर भरून परत पाठवत. तुकडे मोडणं म्हणजे चांगली वस्तू नासवणं.

वर्तमानपत्रात चार शब्द बरे आले की कॅसेटच्या प्रती काढू, असा त्याचा बेत होता. त्याने मला पहिल्या गाण्यावर आणून एका समीक्षकाच्या हाती दिलं. आठवड्याने छापून आलं: 'नुसती यंत्रांची घरघर. अखेरचं गाणं तर उथळ प्रेमाचं रडगाणं!' मला कधी न ऐकलेले शेजारीही हसू लागले.

योगराज मला परत घेऊन आला. माझी फीत पहिल्याच गाण्याच्या मध्यावर थांबलेली होती. माणूस काहीही लिहितो, कॅसेट मात्र बंद केली तिथेच राहते. "त्यानी ऐकंच नही," एवढंच तो बोलला आणि गिटार माळ्यावर टाकली.

पुढे त्याच्या आईला, म्हणजे प्रमिलाबाईंना, आपल्या गावाकडच्या बहिणीला निरोप धाडायचा होता. लेकाची गाणी पुसू नयेत म्हणून त्या माउलीने मला पळवत शेवटाशी नेलं. शेवट कोराच असतो, असं तिला वाटलं. मग रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबून ती सुकलालच्या गाण्यावरच बोलली, "वत्सला, आठे समदं बरं शे. योगराजनी गाणं सोडी दिनं. आते तो शहाणा व्हई गया."

मित्रांनो, नावं खुशाल ठेवा, पण आधी शेवटपर्यंत ऐका. सुकलालचं गाणं योगराजखेरीज मलाच ठाऊक आहे. तो गात नाही, आणि मला गाता येत नाही.