वारं फिरलं तेव्हा

विमानतळ आणि वस्ती यांच्यामध्ये एक भिंत काय ती आडवी. भिंतीअलीकडे सगळी विमानतळावर राबणारी माणसं: कुणी सामान चढवतं, कुणी फरशा पुसतं, कुणी विमानातल्या उशांचे अभ्रे धुतं. विमानात बसलेलं माणूस मात्र औषधालाही सापडायचं नाही. त्यामुळे कुणी निघालंच, तर अख्ख्या गल्लीत तोच एक विषय असतो.

निरोपाची इथली रीत वेगळी. विमानतळाच्या दारापर्यंत कुणी जात नाही. तिथले पहारेकरी धड उभंही राहू देत नाहीत. जाणाऱ्यानं खिडकीची जागा मागून घ्यायची आणि घरच्यांनी गच्चीवरून चादर हलवायची. उडालेलं विमान या गच्च्यांवरूनच जातं, इतकं खालून की त्याचं पोट दिसावं.

इस्त्रीवालीची धाकटी परदेशी निघाली, कुणा आजारी बाईंची सेवा करायला. करार लांबलचक, मध्ये सुट्टी नाही. निघताना म्हणाली, "आई, दारापर्यंत तरी चल ना गं."

"तिथं येऊन काय बघू, तुझी पाठ? मी गच्चीवर थांबते. लाल चादर आणते, म्हणजे चुकायची नाहीस."

धाकटीनं बॅग उचलली आणि गाडीत बसली.

इस्त्रीवालीनं चादरीला कडक इस्त्री केली. हलवायच्या चादरीला इस्त्री कशाला? पण हातांना दुसरं काही सुचत नव्हतं.

गच्चीवर शेजारचे मामा आधीच येऊन उभे होते. सामानाच्या ट्रॉल्या गोळा करण्यात त्यांचा उभा जन्म गेला होता. ते आभाळाकडे नाही, दोरीवरच्या कपड्यांकडे बघत होते.

"ताई," ते चाचरत म्हणाले, "वारं फिरलंय."

एरवी भिंतीकडे फडफडणारे कपडे आज जिन्याकडे फडफडत होते. विमान उडतं ते वाऱ्याला तोंड देऊन. वारं फिरलं की उडणारी विमानं पलीकडच्या टोकानं जातात आणि वस्तीवरून उतरणारी येतात. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. जन्मभर याच दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईच्या ते आजच ध्यानात आलं नाही.

तेवढ्यात चाकं बाहेर काढलेलं एक विमान डोक्यावरून खाली उतरलं. मागोमाग दुसरं. सगळी दुसऱ्यांची लेकरं घरी आणणारी.

"मी जाते दाराशी," ती जिन्याकडे वळली.

"आत गेली असेल ती केव्हाच. हलवा चादर. काय सांगावं, दिसेलही."

दिसणार नाही हे मामांना पक्कं माहीत होतं, तिलाही. तरी तिनं चादर हलवली, उतरणाऱ्या विमानांकडे बघून, हात भरून येईपर्यंत. लांब, पलीकडच्या टोकाला, ठिपक्याएवढी विमानं वर चढत होती. त्यातलं आपल्या लेकीचं कोणतं, हे तिला कळेना. मग ती तिथंच बसली आणि ओक्साबोक्शी रडली. पाठ तर पाठ, लेकीची होती. डोळे भरून बघता आली असती.

दुसऱ्या दिवशी फोन आला.

"आई, दिसलीस गं तू मला! लाल चादर लगेच ओळखली. मामाही होते ना शेजारी?"

"होते ना. मला वाटलंच, तू बघितलं असशील."

"मग? खिडकीला नाकच लावून बसले होते."

"बरं झालं बाई." तिनं डोळे पुसले. "तिथं कसं आहे? माणसं बरी आहेत ना?"

"खूप चांगली आहेत. वेगळी खोली दिलीय मला."

"जेवलीस?"

"पोटभर. तू माझी अजिबात काळजी करू नकोस."

हे ऐकून आईचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण चादर दिसल्याचं धाकटीनं ज्या आवाजात सांगितलं होतं, त्याच आवाजात ती हेही सांगत होती. इस्त्रीवाली फोन कानाला घट्ट धरून बसली. आणखी खूप विचारायचं होतं, पण तिनं विचारलं नाही.