खुंटीवरचा पांढरा मोजा

आमच्या क्लबातून कोणाला काढून टाकत नाहीत. तशी पद्धतच नाही. हंगामाचे शेवटचे काही सामने उरले की एका सकाळी कोणाच्या तरी खुंटीवर, जर्सीशेजारी, गोल्फचा पांढरा हातमोजा लटकलेला असतो. एकच. पातळ चामड्याचा, नवाकोरा, मनगटाला चिकटपट्टी. कोणी ठेवला, हे विचारायचं नसतं. त्या दिवसापासून बाकीचे त्या खेळाडूशी फार गोड बोलायला लागतात, आणि पुढच्या हंगामात ती खुंटी दुसऱ्याची असते.

एवढंच असतं तरी चाललं असतं. पण मोजा घालून पाहिला की माणसाला चेंडू थांबलेला दिसायला लागतो.

गेल्या वर्षी कप्तानाला मोजा मिळाला. त्याने तो हसत हसत हातावर चढवला, सगळ्यांना दाखवला, मग बॅगेत टाकला. तीन आठवड्यांनी पेनल्टी घ्यायला गेला, वाकला, चिमूटभर गवत उपटलं आणि हवेत सोडून वारा कुठून आहे ते पाहिलं. रेफरीला विचारलं, "इथून अंतर किती?" मग दोन्ही हातांनी धरून कसलीतरी अदृश्य काठी फिरवली. चेंडू जागेवरच होता. कप्तान मात्र डोळ्यांवर हात धरून लांब आकाशात बघत राहिला, आणि समाधानाने म्हणाला, "छान उंची घेतलीय." त्याला दोघांनी धरून बाहेर आणलं. आता तो रोज गोल्फ खेळतो. तब्येत उत्तम आहे म्हणतात.

मी लेफ्ट बॅक. वय एकतीस. संघातला एकमेव डावखुरा, म्हणून सगळे मला डाव्या म्हणतात. नवव्या वर्षी क्लबात आलो, सतराव्या वर्षी 'उगवता तारा' झालो, सव्विसाव्या वर्षी 'अनुभवी', आणि तिसाव्या वाढदिवसाला वर्तमानपत्राने मला 'ज्येष्ठ' म्हटलं. माझी ताई गोल्फ खेळते, म्हणजे पोटासाठी खेळते. ती एकोणचाळीस वर्षांची आहे. त्याच वर्तमानपत्राने त्याच आठवड्यात तिला 'आशेचा किरण' म्हटलं. आईने दोन्ही कात्रणं शेजारी शेजारी लावली आहेत. पाहुणे गोंधळतात.

माझ्या करारात एक कलम होतं. या हंगामात वीस सामन्यांत पहिल्या शिट्टीला मी मैदानात असलो, तर करार आपोआप एक वर्ष वाढणार. कोचची मर्जी नाही, डॉक्टरचा दाखला नाही, काही नाही. माझे अठरा झाले होते आणि दोन सामने उरले होते. फुटबॉलशिवाय मला काहीच येत नाही. ही नम्रता नाही. एकदा बल्ब बदलताना मी शेजाऱ्यांच्या घरातलेही दिवे घालवले होते.

आणि त्या सोमवारी माझ्या खुंटीवर मोजा होता.

मी सगळ्यांच्या आधी पोचलो होतो, एवढंच नशीब. हात न लावता, टॉवेलच्या टोकाने मी तो उचलला. कचऱ्याच्या डब्यात टाकावा, तर डबा किटकाका रिकामा करतात. किटकाका म्हणजे आमचे कपडे, बूट, चेंडू सांभाळणारे. चाळीस वर्षं तिथे आहेत आणि चाळीस वाक्यं बोलले असतील. खिडकीबाहेर फेकावा, तर खिडकीबाहेर कोच उभा होता. दारात पावलं वाजली. मी मोजा शेजारच्या खुंटीवर टांगला आणि बुटाची नाडी सोडून परत बांधायला बसलो.

शेजारची खुंटी कुलूपची. कुलूप आमचा गोलकीपर, वय छत्तीस. गोलकीपर चाळिशीपर्यंत टिकतात, त्याला काय फरक पडणार, असं मी स्वतःला समजावलं. सहा वर्षं आम्ही मांडीला मांडी लावून बसतोय. माझ्या मुलीला पोहायला त्याने शिकवलं. मी फक्त एक गोष्ट विसरलो: गोलकीपरला कुठलाही मोजा दिसला की तो घालून बघितल्याशिवाय राहवत नाही. स्वयंपाकघरातला गरम भांडी उचलायचा मोजासुद्धा तो घालून बघतो.

"अरेच्चा," कुलूप आत येत म्हणाला. त्याने मोजा काढला, उजव्या हातावर चढवला, मूठ वळली, उघडली.

"घट्ट होतोय," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "काय रे डाव्या, तुझा चेहरा का पडलाय? मोजा मला मिळालाय."

"नाही रे, सहज. नाडी."

"नाडीला रडतोस?"

दुपारी जेवताना तिघांनी त्याला आपापला गोड पदार्थ दिला. त्याने तिन्ही खाल्ले.

एकोणिसावा सामना शनिवारी झाला. थंडी कडक होती, म्हणून मी माझे नेहमीचे काळे हातमोजे चढवले. मैदानाकडे जाणाऱ्या बोगद्यात कुलूप माझ्या मागे उभा होता. "हातमोजे घालणं माझं खातं आहे," तो नेहमीप्रमाणे म्हणाला. "उद्या मी येऊन तुझ्या जागी धावू का?" मी हसलो. शिट्टी झाली. एकोणीस.

चाळिसाव्या मिनिटाला त्यांच्या खेळाडूने लांबून एक साधा चेंडू मारला. इतका साधा, की माझी आई बसल्या जागेवरून अडवेल. कुलूपने तो येताना पाहिला, आणि वाकला. चिमूटभर गवत उपटलं. हवेत सोडलं.

"कुलूप!" मी ओरडलो.

"शू," तो म्हणाला. "थांबलाय बघ. किती शांत बसलाय."

चेंडू त्याच्या शेजारून जाळ्यात गेला. त्यानंतर आणखी तीन गेले. प्रत्येक वेळी तो बाजूला होऊन त्याला वाट देत होता. दुसऱ्या अर्ध्यात कोचने नवा गोलकीपर उतरवला. कुलूप बाकावर माझी पाण्याची बाटली घेऊन बसला होता. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाला, "डाव्या, एक विचारू? सोमवारी तू इतक्या लवकर कसा काय आला होतास?"

मी म्हणालो, गजर चुकला होता.

"असं," तो म्हणाला, आणि बाटलीचं झाकण नीट लावून मला दिली.

रविवारी मी ताईकडे गेलो. ती सरावाच्या मैदानावर एकाच जागेवरून एकाच दिशेने चेंडू मारत होती, सकाळपासून. शेजारी टोपलीत आणखी दोनशे वाट बघत होते.

"ये, सेवानिवृत्त," ती न वळता म्हणाली. "आई म्हणाली तू जेवत नाहीस."

"ताई, तुझं बरं आहे ग. तू म्हातारी झालीस तरी खेळशील."

"बरं आहे?" तिने एक चेंडू मारला. "सात वर्षं पात्रता फेरीत आपटले. स्वतःची बॅग स्वतः उचलली. दाताच्या डॉक्टरांना गोल्फ शिकवला, त्यातला एक तर चेंडूलाच म्हणायचा, आ करा. तेव्हा तुझा फोटो बसच्या मागे लावला होता, आठवतं? मी त्या बसमधून जायचे. उभ्याने."

"मग आता मी त्या बसमधून जाणार."

"फोटो तरी नको, बस रिकामी होईल." ती वळली. "काय झालंय ते सांग."

मी सगळं सांगितलं. ताई कधी न हसता ऐकत नाही. या वेळी ऐकलं. मग तिने तिचा मोजा काढला. तिचा उजवा हात उन्हाने रापून तांबूस झाला होता, आणि मोज्यातला डावा पांढराफटक, जसा काही दुसऱ्या कोणाचा तरी हात तिला जोडलाय. ती एवढी वर्षं खेळते, पण मोजा कोणत्या हातात असतो हे मी कधी पाहिलंच नव्हतं. बहिणीच्या हाताकडे भावाचं लक्ष ती मारायला उठली तरच जातं.

"कुलूपने कोणत्या हातात घातला?" तिने विचारलं.

"उजव्या."

"बसला?"

"घट्ट होता. पण उजव्याचाच होता. अंगठा बरोबर बसला."

ताईने आपला डावा हात माझ्यासमोर धरला. "उजव्या हाताने खेळणारा मोजा डाव्या हातात घालतो. उजव्या हातात घालतो तो डावखुरा. असे मोजे दुकानात पटकन मिळतही नाहीत, मुद्दाम मागवावे लागतात. दीड महिना लागतो." ती थांबली. "म्हणजे कोणीतरी दीड महिना आधीच ठरवलं होतं. तुमच्यात डावखुरे किती?"

तिने पुढचा चेंडू ठेवला, पण मारला नाही.

"त्याला जाऊन सांग," ती म्हणाली. "आजच."

"सांगतो."

"आणि सामना झाल्यावर नाही. आधी."

"सांगतो म्हटलं ना!"

मी नाही सांगितलं. अजून एक सामना, मग सांगू. एकच शिट्टी वाजायची होती. शिट्टीनंतर मी कुलूपच्या पाया पडलो असतो. आठवडाभर तो सरावाला आला नाही आणि मी फोन केला नाही.

शेवटच्या सामन्याच्या सकाळी मी परत सगळ्यांच्या आधी पोचलो. खुंटीवर फक्त जर्सी होती. मी जर्सी झटकली. बूट उलटे केले. पायमोज्यांच्या जोडीत बोटं घालून पाहिली, बाकाखाली टॉर्च मारला, साबणाची डबी उघडली. काही नाही. किटकाका दारात उभे राहून हे सगळं बघत होते.

"काका, मोजा तुम्ही ठेवता?"

"नाही."

"मग कोण?"

काकांनी हातातल्या जर्सीची घडी पुरी केली. त्यांची चाळीस वर्षांची शिल्लक बहुतेक त्या दिवसासाठीच होती. "ज्याला मिळतो, तो जातो. गेलेला माणूस पुढच्यासाठी एक मोजा ठेवून जातो. कोणासाठी, ते त्याचं त्याने ठरवायचं. मी फक्त दार उघडतो. त्या सोमवारी कप्तान आला होता. एक हात काळा पडलाय त्याचा, एक पांढरा. म्हणाला, डाव्या थकलाय, त्याला कोणीतरी सांगायला हवं, मीच सांगतो."

"आणि तुम्ही पाहिलंत? मी तो..."

"मी काय पाहायचं. टॉवेल मी धुतो, एवढंच."

"काका, आता पुढचा कोण ठरवणार?"

"कुलूप गेला ना. मग कुलूपच."

"तो आला होता?"

"सकाळी साडेसहाला. बराच वेळ बसला होता तुझ्या जागेवर. माझ्याकडून बुटाचं पॉलिश मागून घेतलं."

"पॉलिश? कशाला?"

"मी विचारत नाही," काका म्हणाले. "तुझ्या मुलीची चौकशी करत होता. पोहणं सोडू देऊ नका म्हणाला."

मी कुलूपची खुंटी पाहिली. तिथे नवा गोलकीपर आपलं नाव चिकटवून गेला होता. माझी खुंटी परत एकदा पाहिली. स्वच्छ. मला वाटलं, त्याने माफ केलं. कुलूपच तो. आला, बसला, जुने दिवस आठवले, बूट चकाचक केले आणि गेला. डोळे भरून आले. सामना झाला की थेट त्याच्या घरी जायचं, असं मी ठरवलं.

संघ जाहीर झाला. लेफ्ट बॅक मी. बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती. बोगद्यात रांग लागली, वरून चाळीस हजार लोकांचा आवाज पायांतून वर चढत होता. मी धावपळीत, क्लबातच पडून असणाऱ्या बॅगेतून काळे हातमोजे काढून चढवले. उजवा आज छान बसला. एकदम अंगासरसा. आपलीच कातडी दोनदा घातल्यासारखा.

आम्ही मैदानात आलो. मी माझ्या जागेवर उभा राहिलो. रेफरीने शिट्टी ओठांना लावली आणि वाजवली.

वीस.

झालं. करार वाढला. एक वर्ष, आपोआप, कोणाच्या बापाला काढता येणार नाही. मी आनंदाने चेहऱ्यावर हात फिरवला आणि नाकात बुटाच्या पॉलिशचा वास भरला.

मी उजवा हात डोळ्यांसमोर धरला. काळा रंग बोटांच्या सांध्यांवर तडकला होता आणि भेगांतून पांढरं चामडं दिसत होतं. मनगटाला चिकटपट्टी. पॉलिश फार मन लावून केलेलं होतं, गोलकीपर आपल्या मोज्यांना जपतो तसं. मी पट्टी ओढली. सुटली. मोजा ओढला. तो निघालाही, अगदी सहज. मी खाली पाहिलं तर माझा उजवा हात पांढराफटक होता, आणि डावा रापलेला.

"डाव्या! तुझा! तुझा!" मधल्या फळीतून कोणीतरी ओरडलं.

चेंडू माझ्याकडे येत होता. त्यांचा सर्वांत वेगवान पोरगा त्याच्या मागे धावत होता, जीव तोडून. आणि मग चेंडू थांबला. माझ्यापासून दोन पावलांवर, हिरव्या गवतावर, पांढरा, शांत, कसलीही घाई नसलेला. चाळीस हजार लोक गप्प झाले, किंवा मला ऐकू येईनासं झालं. इतका सुंदर चेंडू मी बावीस वर्षांत पाहिला नव्हता. त्याला घाईने लाथ मारायची म्हणजे रानटीपणा झाला असता.

अजून पूर्ण एक वर्ष मला दर शनिवारी इथे उभं राहायचं होतं. तसं कलम होतं.

मी वाकलो आणि चिमूटभर गवत उपटलं. वारा डावीकडून होता.