सहा वर्षांचं जेवण

टेबलाखालून सृष्टीने अपेक्षाच्या सँडलवर पाय दाबला. एकदा दाबला की हसायचं, दोनदा दाबला की ‘मस्त आहे’ म्हणायचं, असं रिक्षातच ठरलं होतं.

अपेक्षा हसली. तिच्यासमोर होडीच्या आकाराचा गरम पाव होता, आत वितळलेलं चीज आणि मधोमध अर्धंकच्चं अंडं. असलं अंडं नुसतं पाहूनही अपेक्षाला मळमळतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. बाबांनी म्हणूनच तो पाव मागवला होता.

बाबांची पद्धतच तशी. कुठलीही गोष्ट आधी वापरून बघायची. घरातली गादीसुद्धा त्यांनी दुकानात अर्धा तास तिच्यावर पडून मग घेतली होती. आता थोरली लेक अपेक्षा डॉक्टरकी शिकायला सहा वर्षं जॉर्जियात, तिबिलिसीला जायचं म्हणत होती. म्हणजे सृष्टी म्हणत होती आणि अपेक्षा मान डोलावत होती. तेव्हा बाबांनी पुण्यात जॉर्जियाचं हॉटेल शोधलं आणि दोघींना मांजरी गावातून कोरेगाव पार्कातल्या या गल्लीत आणलं. पोटाला मानवलं तर पुढचं बोलू, म्हणाले. आईची हॉस्पिटलात ड्यूटी होती, ती आली नव्हती. प्रवेश मिळवून देणाऱ्या एजंटला उद्या दुपारी बारापर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

सृष्टीला बसवत नव्हतं. तिने दोनदा खुर्ची बदलली, रुमालाची घडी मोडली, परत घातली. यंदा अकरावीत ती वक्तृत्वात पहिली आली होती, आणि आपण तोंड उघडलं की काम होतं यावर तेव्हापासून तिचा पक्का विश्वास बसला होता. कॉलेज तिने शोधलं, फॉर्म तिने भरला, तिथल्या थंडीला कसलं जॅकेट लागतं तेही तिला पाठ होतं. शेवटच्या क्षणी एका अंड्यावरून सगळं फिसकटणं तिला परवडणारं नव्हतं.

“कसं आहे?” बाबांनी विचारलं.

सृष्टीने दोनदा पाय दाबला.

“मस्त आहे,” अपेक्षा म्हणाली आणि अख्खा ग्लासभर पाणी प्यायली.

“आवडलंय तिला, बाबा. घरी हाफ फ्राय बघून उठून जाते. इथे बघा, निम्मं संपवलं.”

“मी तिला विचारलं.”

“तेच सांगतेय ती.”

“तू सांगतेयस.”

तेवढ्यात हॉटेलचा मालक शुभंकर स्वतःच पुढची बशी घेऊन आला. पस्तिशीचा असेल, अंगात एप्रन, कोपरापर्यंत पीठ. बशीत उकडीच्या मोदकांसारखे वाफाळते खिंकाली होते, आत खिमा आणि रस.

“वरचं देठ धरायचं, बाजूला छोटा चावा घ्यायचा आणि आधी रस ओढून घ्यायचा,” तो म्हणाला. “देठ ताटात ठेवायचं.”

बाबांनी रस ओढला, खिमा खाल्ला आणि देठही खाल्लं.

“काका, ते ठेवायचं असतं. तिकडे देठं बघून कोणी किती खाल्ले ते कळतं.”

“आमच्याकडे ताट रिकामं दिसलं की कळतं.”

शुभंकर हसला. बाबांनी हात पुसले.

“तिकडे राहिलायत वाटतं तुम्ही?”

“दोन वर्षं. एमबीबीएसलाच होतो. मग परत आलो.”

सृष्टीने घाईघाईने मेनूकार्ड उचललं. “दादा, गोड काय आहे?”

बाबांनी ते तिच्या हातातून काढून खाली ठेवलं. “का आलात? जेवण मानवलं नाही?”

“जेवणच तेवढं मानवलं,” शुभंकर म्हणाला. “मी डॉक्टर व्हायचं, हे माझ्या भावाने ठरवलं होतं, काका. मी नाही म्हणालो नाही, एवढंच.”

आतून त्याला कोणीतरी हाक मारली. तो गेला. बाहेर गल्लीत गाड्या एकमेकींना हॉर्न देत अडकल्या होत्या. बाबांनी ताट बाजूला सारलं.

“अपेक्षा, जेवणाचं राहू दे. तुला जायचंय का?”

अपेक्षाने सृष्टीकडे पाहिलं. शिंप्याने गळा कसला हवा विचारलं तरी ती असंच बघायची. सृष्टीकडे तीन मुद्दे तयार होते, क्रमवार. पाय उचललाही गेला होता. तो तिने सावकाश खुर्चीखाली मागे घेतला आणि एक अख्खा खिंकाली तोंडात कोंबला. आतला रस कढत होता. डोळ्यांतून पाणी आलं, पण तोंड बंद राहिलं.

“भीती वाटते,” अपेक्षा म्हणाली. आवाज इतका बारीक, की बाबांना पुढे झुकावं लागलं. “आणि ते अंडं मला अजिबात आवडलेलं नाही. पण जायचंय.”

बाबांनी तिचा रिकामा ग्लास पाण्याने भरला. अजून काहीतरी यायचं आहे हे त्यांना कळलं असावं.

“फक्त पहिले सहा महिने हिने मला फोन करायचा नाही. तुम्ही करा, आई करेल. हिचा आला की मी सगळं हिलाच विचारत बसेन. तिथेसुद्धा.”

बाबांनी सृष्टीकडे पाहिलं. “कबूल?”

सृष्टीच्या तोंडात घास होता. तिने होकारार्थी मान डोलावली. घास केव्हाच संपला, तरी ती कितीतरी वेळ चावत राहिली.