मी शिवलेल्या अकरा नळ्या

मित्रांनो, माझ्या अंगावरची सोनेरी वेलबुट्टी आता पुसट झाली आहे आणि चाक फिरवले की मी कुरकुरते. तरी तुम्ही मला लगेच ओळखाल. मी एक जुनी पायमशीन आहे, शिवणाची. माझे सारे आयुष्य अकोल्यात गेले. चोळ्या, परकर, झबली, शाळेच्या खाकी चड्ड्या मी किती शिवल्या, त्याला गणती नाही. पण अकरा वस्तू मी अशा शिवल्या, की त्या कुणी अंगावर घातल्या नाहीत. त्या माणसांच्या पोटात गेल्या. त्यांचीच हकीकत मला सांगायची आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. बोटीने मुंबईला आणि तिथून रेल्वेने मी अकोल्याला आले. पहिली वीस वर्षे मी एका शिंप्याच्या दुकानात काढली. त्याची नजर अधू झाली, तेव्हा १९५७ साली भागीरथाबाईंनी मला आपल्या घरी नेले. त्यांचे यजमान मोतीराम कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसमध्ये कामाला होते. त्यांनी मला हातगाडीवर घातले आणि मी कलंडू नये म्हणून जठारपेठेतल्या आपल्या घरापर्यंत एका हाताने धरून आणले. आदल्या वर्षीच दोघे नागपूरला जाऊन बुद्धाच्या धम्माची दीक्षा घेऊन आले होते.

भागीरथाबाईंचा टाका फार बारीक आणि सारखा. सुरुवातीला काही घरांतल्या बायका कापड दारातूनच देत आणि दारातूनच नेत. गोदावरीबाई उमरीकर मात्र पहिल्याच दिवशी आत आल्या, माझ्याशेजारच्या बाजेवर बसल्या आणि चहा मागून प्यायल्या. हळूहळू बाकीच्याही आत येऊ लागल्या.

या गोदावरीबाईंचे चिरंजीव डॉक्टर वसंत. ते नागपूरच्या एका मोठ्या इस्पितळात शस्त्रक्रिया करीत. रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया ते परदेशात शिकून आले होते. १९६२ साली एका रविवारी ते आमच्या घरी आले. एका हातात कागदाची पुडी होती आणि दुसऱ्या हातात आईची चोळी.

"भागीरथाबाई, हा टाका तुमचा?"

"मायाच हाये. काऊन, उसवला का?"

"नाही. इतका सारखा टाका मी दुसरीकडे पाहिला नाही. मला एक नळी शिवून हवी आहे."

त्यांनी कागदावर चित्र काढले. वर एक जाड नळी आणि खाली तिच्या दोन बारीक नळ्या झालेल्या. बाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"हा तर लहान पोराचा पायजमा झाला, साहेब."

डॉक्टर हसले. "तसंच समजा. फक्त हा माणसाच्या पोटात घालायचा आहे."

मग त्यांनी समजावून सांगितले. हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी धमनी पाठीच्या कण्याला लागून पोटात उतरते आणि बेंबीशी तिच्या दोन शाखा होऊन दोन पायांकडे जातात. काही माणसांत उतारवयात तिची भिंत कमजोर होते आणि ती फुग्यासारखी फुगते. एक दिवस ती फुटते. पण फुटण्याआधी ती उघडून आत कापडाची नळी शिवता येते. परदेशात अशा नळ्या तयार मिळतात, इकडे अजून येत नाहीत.

"असा माणूस उताणा झोपला, की बेंबीच्या वर पोट ठोक्यागणिक उचललेलं दिसतं," असे म्हणून त्यांनी टेबलावरच्या कापडाखाली मूठ धरून ती वरखाली करून दाखवली.

"मंग नळी उसवली तर?" बाईंनी विचारले.

"उसवली तर माणूस जाईल. न उसवताही जाऊ शकतो. दहातले दोन-तीन जण ऑपरेशनात किंवा त्यानंतरच्या आठवड्यात जातात. रोग्याला मी हे सांगतो, म्हणून तुम्हालाही सांगितलं."

पुडीत टेरिलीनचे कापड होते. असले निसरडे कापड मी तोवर शिवले नव्हते. माझ्या दाबाखालून ते सारखे सटकायचे. पहिली नळी वाकडी झाली, दुसरीला चुण्या पडल्या. तिसऱ्या वेळी बाईंनी कापडाखाली पातळ कागद धरला आणि माझे चाक हाताने, एकेक टाका मोजावा तसे फिरवले. काठ सुटू नयेत म्हणून डॉक्टरांनी ते तापलेल्या पात्याने भाजून घेतले. मग नळीत करंगळी घालून ते बराच वेळ चाचपत राहिले. आत कुठेही उंचवटा लागला नाही. "उत्तम," एवढेच ते म्हणाले. त्या दिवशी मला माझा फार अभिमान वाटला.

ती जमलेली पहिली नळी परतवाड्याच्या नत्थुजींना बसवली. ते लाकडाच्या वखारीत कामाला होते. ऑपरेशन पार पडले, नत्थुजी शुद्धीवर आले, बोलले. चौथ्या दिवशी ते गेले.

पुढच्या रविवारी डॉक्टर स्वतः सांगायला आले. ते बाजेवर बसले आणि चहाला नको म्हणाले.

"शिवण शाबूत होती. मी स्वतः पाहिली. त्यांची मूत्रपिंडं बंद पडली. नळी जोडेपर्यंत रक्त थांबवून ठेवावं लागतं, तो वेळ फार झाला. तो वेळ माझा होता, भागीरथाबाई. तुमचा नव्हता."

बाईंनी मान हलवली, पण त्यांना ते पटले नाही. डॉक्टर गेल्यावर त्यांनी माझ्यावर एक वाकळ टाकली. दोन महिने ती निघाली नाही. बॉबिनला गंज चढला, उंदरांनी माझा पट्टा कुरतडला. गिऱ्हाईक आले, की "बरं नाही" म्हणून बाई परत पाठवीत. मोतीराम येता-जाता माझ्याकडे पाहत.

मग एका दुपारी परतवाड्याच्या बसने एक बाई आल्या. कपाळ मोकळे, हातात कापडी पिशवी. त्या नत्थुजींच्या पत्नी, केशरबाई.

"नळी तुमीच शिवली होती ना? डॉक्टरसायबानं पत्ता सांगतला."

भागीरथाबाईंना मान वर करवेना. "हो माय. माया हातून काई चुकलं असंन तर..."

"चुकलं काई नाई. डॉक्टरसायबानं मले आधीबी समदं सांगतलं होतं आन् नंतरबी सांगतलं. आमीच हो म्हटलं." केशरबाई खाली बसल्या. "सा महिने झोप नोती त्यायले. पोटात कोनी दार वाजवून राह्यलं म्हनत. ऑपरेशन झाल्यावर तीन दिवस ते निजले, बाई. धडधड थांबली म्हने. मले हे तुमाले सांगाचं होतं." मग त्यांनी इकडेतिकडे पाहिले. "मशीन कुठी हाये?"

भागीरथाबाईंनी बोट दाखवले. केशरबाईंनी उठून वाकळ स्वतः काढली, घडी करून बाजेवर ठेवली आणि माझ्या थंड अंगावर तळहात टेकवला.

"हे झाकून ठेवू नका," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कोनाले लागंन."

त्या संध्याकाळी मोतीरामांनी मला नवा पट्टा लावला आणि तेल घातले.

पुढच्या दोन वर्षांत आम्ही आणखी सहा नळ्या शिवल्या. डॉक्टरांनी आपली पद्धत बदलली होती. रक्त थांबवण्याचा वेळ त्यांनी निम्म्यावर आणला. ऑपरेशनच्या आधीपासून रोग्याच्या शरीरात पुरेसे पाणी जाईल याची ते काळजी घेत आणि नंतर लघवी तासातासाला मोजून घेत. "हे मला नत्थुजींनी शिकवलं," असे ते आमच्या घरी एकदा म्हणाले. त्या सहांतले चार जण आपापल्या घरी गेले. त्या चौघांतल्या एकाच्या पायात रक्ताची गुठळी जाऊन त्याचा पाय कापावा लागला, तरी तो जगला. उरलेले दोघे दगावले. प्रत्येक वेळी डॉक्टर येऊन सांगत, आणि बाई आता ऐकून घेत.

१९६४ च्या उन्हाळ्यात एका रविवारी मोतीराम बाजेवर उताणे पडले होते. उकाड्याने बनियन वर सरकवलेली, विड्यांचा कट्टा पोटावर ठेवलेला. बाई माझ्यावर परकर शिवत होत्या. मध्येच शिवण थांबली. विड्यांचा कट्टा ठोक्यागणिक वर उचलला जात होता.

"काऊन थांबली?" मोतीरामांनी विचारले.

बाईंनी कट्टा बाजूला केला आणि बेंबीच्या वर हात ठेवला. "कवापासून हाये हे?"

"कवापासून म्हंजे? पोट हाये, हालनारच."

दुसऱ्या दिवशी दोघे नागपूरच्या गाडीत बसले. परत आल्यावर माझ्याशेजारी बसून दोघांनी डॉक्टरांचे बोलणे इतक्या वेळा आठवून पाहिले, की मलाही ते पाठ झाले. डॉक्टरांनी पोट तपासले, मग मानेच्या दोन्ही बाजूंना स्टेथोस्कोप लावून ऐकले. मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या चोंदल्या असतील तर ऑपरेशनात अर्धांगवायूचा धोका असतो. मान मोकळी निघाली. मग ते म्हणाले, "मोतीराम, ही फुटली तर अकोल्याहून इथवर सहसा कुणी पोचत नाही. तशीच ठेवली तर काही वर्षांत निम्म्या लोकांची फुटते. कुणाची, कधी, ते सांगता येत नाही. ऑपरेशन केलेल्या सातांपैकी चार माझ्या हातून घरी गेले. जगात याहून बरे आकडे आहेत, पण माझे हे आहेत. आणि विडी आजपासून बंद." तयार नळी हवी असेल, तर ती दोन महिन्यांत मुंबईहून मागवता येईल, असेही ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी जेवता जेवता मोतीराम म्हणाले, "प्रेसमधी गाठीची पट्टी तुटते ते काई सांगून तुटत नाही. इथं सांगून तर राह्यला मानूस. करून टाकू. दोन महिने थांबाचं नाही. नळी तूच शिव."

"मायाच्यानं नाही होत. माया हात थरथरते."

"थरथरू दे. मशीनचा तर नाही ना थरथरत?"

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझी अशी तारीफ कुणी केली नव्हती.

बाईंनी परतवाड्याला पत्र टाकले. केशरबाई दुसऱ्याच दिवशी आल्या. ती नळी आम्ही तिघींनी शिवली असे मी म्हणते, कारण कापडाचे दुसरे टोक केशरबाईंनी ताणून धरले होते. बाईंचे डोळे भरून आले, की केशरबाई म्हणत, "थांबा. पुसा. आता चालवा." मी एकही टाका सोडला नाही.

नवरा-बायको नागपूरला गेले आणि घर राखायला केशरबाई राहिल्या. पहिले कार्ड आले, ते पोस्टमनने दारात वाचून दाखवले. ऑपरेशन झाले होते, मोतीराम शुद्धीवर होते. केशरबाईंनी बोटांवर दिवस मोजले. चौथ्या दिवशी त्यांनी चूल पेटवली नाही. सकाळपासून त्या माझ्या लोखंडी पायांना टेकून बसून राहिल्या. त्यानंतरचे कार्ड दोन दिवसांनी आले. पोस्टमनने वाचले, "चौथा दिवस निघाला. लघवी बरोबर आहे. केशरबाईस सांगणे." त्यांनी ते त्याच्याकडून दोनदा वाचून घेतले. मग आत येऊन भाकरी टाकल्या.

महिन्याने मोतीराम टांग्यातून उतरले. वाळून काटकी झाले होते, पण आपल्या पायांनी घरात आले. डॉक्टरांनी भागीरथाबाईंना एक काम शिकवून पाठवले होते. रोज सकाळी दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला बोटे दाबून ठोका पाहायचा. ठोका लागला नाही किंवा पाऊल गार पडले, तर लगेच नागपूरची गाडी धरायची. पहिल्या सकाळी बाई तसा ठोका पाहत असताना केशरबाई जवळ आल्या.

"मले पाहू द्या."

मोतीरामांनी पाय मागे घेतला. "ताई, तुमी माया पायाले हात लावू नका."

"राहू द्या दादा. मले पाहाचं हाये."

त्यांनी बोटे ठेवली. पहिल्यांदा चुकली. भागीरथाबाईंनी त्यांचा हात धरून योग्य जागी नेला. केशरबाई डोळे मिटून बसल्या आणि कितीतरी वेळ त्यांनी बोटे उचलली नाहीत. मोतीरामही हलले नाहीत.

"लागते," केशरबाई म्हणाल्या.

त्यानंतर मी आणखी तीन नळ्या शिवल्या. त्यांतले दोघे घरी गेले. मग परदेशी नळ्या नियमित येऊ लागल्या, त्या माझ्या नळ्यांपेक्षा चांगल्या होत्या, आणि डॉक्टरांनी एक दिवस येऊन बाईंचे व माझे आभार मानले. मला त्याचे वाईट वाटले नाही. आता मी बहुतेक वेळ कोपऱ्यातच असते. मोतीरामांचे पोट शांत आहे. विडी त्यांनी सोडली आहे, आणि महिन्यातून एकदा ते मला तेल घालतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी असेल, तर तिला तेलाचे दोन थेंब देत जा. घरातले वडीलधारे माणूस उताणे निजले असताना बेंबीच्या वर पोट ठोक्यागणिक उचलले जाताना दिसले, तर ते हसण्यावारी नेऊ नका. हात ठेवून पाहा आणि डॉक्टरांकडे न्या. डॉक्टर जे सांगतील ते भीतीचे असले, तरी शेवटपर्यंत ऐकून घ्या. माझ्या नळ्या बसवलेल्या अकरा माणसांपैकी सात घरी परतली. त्यांची आठवण ठेवायला त्यांच्या घरची माणसे आहेत. जे चौघे परतले नाहीत, त्यांच्यापासून शिकूनच डॉक्टरांनी पुढच्यांना वाचवले. त्या चौघांतल्या एकाचे नाव मी तुम्हाला सांगितले आहे. तेवढे तुम्ही लक्षात ठेवा.