सलामाला थांबणारी गाडी

अब्राहाम गुरुजींची नवी गाडी मोठी शहाणी होती. थांबली की इंजिन आपोआप बंद करायची आणि क्लच दाबला की आपोआप चालू करायची. शोरूमवाल्यानं हे सांगितलं तेव्हा वर्गात हुशार मूल सापडल्यासारखे गुरुजी खूष झाले. पण तिसगावात येताच गाडी अर्धाच धडा म्हणू लागली. बंद व्हायची झोकात, चालू व्हायचं नाव नाही. क्लच कितीही दाबा, ढिम्म. मग चावी फिरवून पहिल्यापासून सुरुवात, आणि तोवर मागून टेम्पोवाल्यांचे हॉर्न.

एरवी हेही त्यांनी सोसलं असतं. पण शनिवारी कृपाचं लग्न होतं. लेकीला आपल्या हातानं गाडी चालवत चर्चला न्यायचं, हे तिच्या बारशापासून त्यांच्या मनात होतं.

"भर बाजारात नवरी घेऊन बंद पडलात तर?" बायको ग्रेस म्हणाली. "भाड्याची गाडी सांगू या." गुरुजींना ते फार लागलं.

नागापूरच्या गोरक्ष मिस्त्रीनं बॅटरी पाहिली, मशीन लावून पाहिलं आणि हात झटकले. "गाडी ठणठणीत हाय, गुरुजी. मला तर काय सापडंना."

शेवटी कृपाच शेजारी बसली. "पप्पा, रोजच्यासारखी चालवा. मी नुसती बघते."

बाजाराच्या तोंडाशी म्हातारा बन्सी भेटला. "राम राम, गुरुजी!" गुरुजींनी गाडी थांबवली, इंजिन बंद झालं. त्यांनी पट्टा सोडला, दार उघडून खाली उतरले, सलाम केला, म्हशीची सविस्तर चौकशी केली आणि परत बसून क्लच दाबला. ढिम्म.

"बघितलंस?" गुरुजी म्हणाले.

"बघितलं." कृपाला हसू आवरेना. "पट्टा सोडून दार उघडलं की गाडीला वाटतं ड्रायव्हर निघून गेला. मग ती आपण होऊन कशी चालू होईल?"

"म्हणजे मोठ्या माणसाला बसल्या बसल्या सलाम करू? आमचे वडील सायकलवरूनसुद्धा उतरायचे."

"शनिवारी तेवढं बसून राहा. नाहीतर मी भाड्याच्या गाडीत."

शनिवारी गुरुजींनी पट्टा आवळला. बाजारात नेमकी बनुबाई उभी, गुरुजींना कडेवर खेळवलेली. गाडी थांबली. गुरुजींचा हात दाराकडे गेला आणि परत आला. खिडकीतूनच त्यांनी सलाम केला. लाजेनं त्यांचे कान तापले.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. पांढऱ्या साडीचा घोळ सावरत कृपा खाली उतरली आणि बनुबाईसमोर वाकली. "सलाम, आजी. पप्पांचाही."

"लई ग्वाड दिसती माजी बाय," म्हणत बनुबाईनं तिच्यावरून कडाकडा बोटं मोडली.

पुढं बन्सी, मग शिंपी, मग पिठाच्या गिरणीवाली चांगुणा. कृपा प्रत्येकासाठी उतरली. गुरुजी पट्ट्यात जखडलेले. गाडी बंद होत होती, चालू होत होती, एकदाही चुकली नाही.

चर्चची घंटा केव्हाच वाजून गेली होती. दारात ग्रेस कमरेवर हात ठेवून उभी. "पडली ना बंद? मी सांगत होते!"

"गाडी ठणठणीत आहे," गुरुजी म्हणाले. "ही पोरगीच जागोजागी उतरत होती."

मग त्यांनी पट्टा सोडला, खाली उतरून मागचं दार उघडलं आणि लेकीला सलाम केला.