रिकाम्या घरातली करकर

मी कोपऱ्यातली वेताची खुर्ची बोलतेय. बसा ना, पण जरा जपून. माझा मागचा डावा पाय सांध्यात हलतो, आणि त्या हलण्यापायीच पुढचं सगळं घडलं. मला दोन हात आहेत, पण ते जोडता येत नाहीत. येत असते तर त्या पोरीपुढे केव्हाच जोडले असते.

एका म्हाताऱ्या सुताराने मला घडवलं. "बसेल त्याची पाठ दुखू देऊ नकोस," एवढा आशीर्वाद देऊन त्याने मला दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे बाहेरच्या खोलीत माझी अर्धी हयात गेली. तिथे टेकून कोण बसतंय! सगळे माझे हात घट्ट धरून अगदी कडेवर. जीव टांगणीला लागला की माणसाचं वजन पुढे येतं, हे मी तिथे शिकले.

दवाखाना हलला तेव्हा मामांनी मला घरी आणलं. मामा वर्तमानपत्रात गाण्याबजावण्यावर लिहितात. त्यांची भाची लहानपणापासून "मामा, मामा" करत घरभर फिरायची, म्हणून माझेही ते मामाच झाले. तिची पहिली गिटार त्यांनीच घेऊन दिली. माझ्या पायांशी बसून ती तारा छेडायची आणि मामा म्हणायचे, "बेसूर वाजव, पण खरं वाजव."

मामांचा एक नेम होता. नवी रेकॉर्ड आली की माझ्यावर बसायचं, डोळे मिटायचे आणि ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची. हातात चहाचा कपसुद्धा घ्यायचा नाही. पूजेला बसावं तसे बसत. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

मामींचाही नेम होता. आठवड्यातून एक दिवस दुपारच्या जेवणापर्यंत मौन. बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं गेलं असेल तर त्याची फेड म्हणून.

एकदा मामी कपाटावरची धूळ पुसायला माझ्यावर चढल्या आणि माझ्या सांध्यातून 'कट्' असा आवाज आला. "अगं बाई!" म्हणत त्या खाली उतरल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "सुताराला बोलावते हं." मग घरच्या रगाड्यात ते राहूनच गेलं. मीही गप्प राहिले. म्हातारी झाली म्हणून माळ्यावर टाकतील, या भीतीने सांधा आवळून धरला. मामा टेकून बसले की मी मुकाट असायची. वजन पुढे आलं की मात्र माझा इलाज चालत नसे.

आणि नेमकी तेव्हाच भाचीची रेकॉर्ड आली.

तिच्या बँडचं नाव 'उलटी छत्री'. ही मुलं गिटारीबरोबर पत्रे, पंखे, काय हाताला लागेल ते वाजवायची. या वेळी सगळी गाणी मिळून एकच गोष्ट होती. एक कुटुंब घर सोडतं आणि एकेक खोली रिकामी होत जाते. मामा हरखून बसले. पण गाणी पुढे सरकली तशी त्यांची पाठ जड होत गेली. पाठीचं मला बरोबर कळतं. गोष्ट एकाच खोलीत अडकून पडली होती, आणि भाचीचा गोड आवाज यंत्रांच्या घरघरीत पार बुडाला होता.

शेवटाकडे मात्र सगळं थांबून अगदी बारीक, श्वासासारखा एक सूर उरायचा. तो निसटू नये म्हणून मामा डोळे मिटूनच पुढे वाकले.

कर्रर्र.

मामा परत परत ऐकायला बसले. दर वेळी त्याच जागी, पोरीच्या मायेने ते पुढे वाकायचे आणि त्याच जागी मी करकरायची. स्पीकरचा आवाज खोलीभर भरलेला. त्यांना वाटलं, हेही रेकॉर्डमध्येच आहे.

मौनाच्या दिवशी सकाळी त्यांनी लेख पुरा केला. "ऐक, हे वाक्य कसं जमलंय बघ," म्हणून मामींना वाचून दाखवलं. "एवढा पसारा मांडून शेवटी 'उलटी छत्री'ला जीवनाचं एकच सत्य गवसतं: खुर्ची करकरते."

मामींनी डोळे विस्फारले. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, माझी पाठ थोपटली, मला हलवूनही दाखवलं.

"बसतो, बसतो, घेतो विश्रांती," मामा हसून म्हणाले. "आधी लेख पाठवू दे."

दुपारी पहिला घास घ्यायच्या आतच मामी बोलल्या. "अहो, ती करकर आपल्या खुर्चीची आहे!"

मामांचा हात ताटावरच थांबला. ते उठले, फोनपाशी गेले. तिथे बराच वेळ उभे राहिले आणि तसेच परत आले. "रेकॉर्ड फसलीच आहे ना," ते पुटपुटले. "एका करकरीने काय बिघडतंय?"

मामी काही बोलल्या नाहीत. आता त्यांना मौन नव्हतं, तरी बोलल्या नाहीत.

लेख छापून आला. बाकीचा लेख कुणाच्या लक्षात राहिला नाही, ते वाक्य मात्र ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. मामांना शाबासकीचे फोन येत. फोन ठेवून ते माझ्याकडे पाठ करून बसत.

मग भाची आली. डोळे सुजलेले. आल्या आल्या जमिनीवर बसली, लहानपणी बसायची तिथेच.

"मामा, कार्यक्रमात लोक मागून ओरडतात, 'खुर्ची वाजवा, खुर्ची!' मी ढमढमला नाही नाही ते बोलले रे." ढमढम म्हणजे त्यांचा ड्रमवाला. "रेकॉर्डिंगच्या वेळी तोच मोडक्या स्टुलावर बसला होता ना. आता तो फोनसुद्धा उचलत नाही. आणि गंमत सांगू? किती वेळा ऐकलं, मला ती करकर सापडतच नाही. माझे कान गेले का रे? कानच गेले तर मी काय वाजवू? तू दाखव ना, कुठे आहे."

मामांनी रेकॉर्ड लावली आणि माझ्यावर बसले. मामी दारात येऊन उभ्या राहिल्या. तो बारीक सूर जवळ आला तसे मामा ताठ झाले. पाठ मला घट्ट चिकटवून, श्वास रोखून. दातांच्या डॉक्टरांकडेही इतकं घाबरलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं. मी मनात म्हणत होते, मामा, तुम्ही वाकल्याशिवाय मला बोलता येत नाही हो.

सूर आला. खोलीत करकर नाही.

"इथेच ना?" भाचीने विचारलं. "बघ, मला नाहीच ऐकू येत."

मामांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते सावकाश, समजून उमजून पुढे वाकले.

कर्रर्र.

भाचीने आधी स्पीकरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मामा पुन्हा मागे झाले, पुन्हा वाकले. कर्रर्र.

"तुझे कान शाबूत आहेत, बाळा," मामा म्हणाले. "ही करकर माझी. मला लेख छापून यायच्या आधीच कळलं होतं. वाक्य फार झकास जमलं होतं गं, सोडवेना."

ती उठली. मला वाटलं, आता ही निघून जाणार. ती दारापर्यंत गेलीही. मग वळून म्हणाली, "आणि बाकीचं? तेही वाक्यासाठीच लिहिलंस?"

"नाही. रेकॉर्ड खरंच जमलेली नाही. तुझा आवाज तूच गाडून टाकलास. पण तो शेवटचा सूर ऐकायला मी दर वेळी पुढे वाकलो, आणि नेमकं तेच लिहिलं नाही."

भाचीने ओढणीने नाक पुसलं. "आवाजाचं मलाही ठाऊक होतं. हेच घरी येऊन सांगितलं असतंस तर?" मग म्हणाली, "आधी ढमढमला फोन कर. तू कर, मी नाही."

मामांनी या वेळी फोन उचलला.

पुढच्या लेखात त्यांनी सगळं लिहिलं. ते वाक्य अजून लोकांच्या तोंडी आहे, खुलासा किती जणांनी वाचला देव जाणे. भाची पूर्वीसारखी रोज येत नाही. पण परवा आली, आणि ढमढमला घेऊन आली. तो माझ्यावर बसून मुद्दाम पुढेमागे डुलला, आणि माझ्या करकरीवर त्याने गुडघ्यावर ठेका धरला. भाची हसली. मला तेवढं पुरे आहे.

मामींनी माझा सांधा सध्या सुतळीने बांधलाय. उद्या सुतारदादा येणार आहेत. दादा, सांधा आवळा, पण मला अगदीच मुकी करू नका. मामा पुन्हा लिहायला बसतील, पुन्हा एखादं वाक्य फारच झकास जमेल. तेव्हा खालून एक बारीकशी कर्र यायला हवी.